पाचिंकोची घरगुती बॉल-लिफ्ट थोड्या थोड्या वेळाने अडकते? मोटर बदलण्याआधी हे बघा

पाचिंको म्हणजे उभ्या पटावर छोट्या पोलादी गोळ्या मारायचा जपानी खेळ, आणि खाली गळलेल्या गोळ्या परत मशीनच्या टाकीत चढवते ती बॉल-लिफ्ट. तक्रार साधारण अशी असते: लिफ्ट चालू केली की छान चालते, गोळ्या एकामागोमाग वर जातात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी मोटर घुंघुं करत जागच्या जागी थांबते. बोटाने जरा मागे ढकललं की पुन्हा सुरू. मग परत तेच. आणि पाठोपाठ प्रश्न येतो, जास्त ताकदीची मोटर लावू का?

लावू नका. निदान आत्ताच नको. गोळ्या वर चढवायला लागणारी ताकद इतकी किरकोळ असते की मोटर कमी पडणं हे कारण जवळजवळ कधीच नसतं. मोठी मोटर लावली तर गोळी सुटत नाही, प्लास्टिक तुटतं.

ज्यांनी नुकतंच जुनं मशीन घरी आणलंय त्यांच्यासाठी दोन ओळी. जपानमधल्या पाचिंको हॉलमध्ये जुन्या पद्धतीचं मशीन कधी एकटं काम करत नाही. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या मशीनच्या रांगेला तिथे ‘शिमा’ म्हणतात, आणि त्या रांगेच्या पोटात गोळ्या गोळा करून वर चढवायची सगळी यंत्रणा दडलेली असते. खेळात गळालेल्या गोळ्या खालच्या पन्हाळीतून लिफ्टकडे जातात. लिफ्ट त्यांना वर नेता नेता स्वच्छही करते, कुठे कापडाच्या पट्टीवर घासून, कुठे प्लास्टिकच्या बारीक दाण्यांबरोबर घुसळून. वरून त्या प्रत्येक मशीनच्या मागच्या टाकीत उतरतात. घरी येतं ते फक्त मशीन. मागे वर टाकी आहे आणि मागे खाली गोळ्या गळायचं तोंड आहे, मधला सगळा प्रवास तुमच्यावर. टाकी रिकामी झाली की जिंकलेल्या गोळ्या द्यायला मशीनकडे काही उरत नाही आणि खेळ थांबतो. म्हणून लिफ्ट. जपानमधले वापरलेल्या मशीनचे काही विक्रेते गोळ्या आतल्या आत फिरवायची सोय करूनही देतात, पण त्यात बक्षिसाच्या गोळ्या मशीनसमोरच्या ताटात खळखळत पडण्याची मजा बऱ्याचदा जाते. आपण बोलतोय ते टाकीपर्यंत खरोखर गोळ्या चढवणाऱ्या लिफ्टबद्दल.

आधी हिशेब

पाचिंकोची गोळी पोलादी, 11 मिमी व्यासाची आणि 5.4 ते 5.7 ग्रॅम वजनाची असते. ही मापं जपानच्या नियमातच आहेत. मशीन मिनिटाला जास्तीत जास्त 100 गोळ्या मारतं, तेही नियमानेच. म्हणजे खाली गळणाऱ्या गोळ्याही मिनिटाला 100 च्या वर जाणार नाहीत. आता मशीनची चौकट साधारण 81 सेंमी उंच असते. तळातला डबा त्याच्याही खाली धरला तर चढ सुमारे 90 सेंमीचा होतो. मिनिटाला 550 ग्रॅम लोखंड 90 सेंमी वर न्यायचं म्हणजे एका वॉटचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. खेळण्यातली मोटर याहून जास्त देते.

तरीही गिअरवाली मोटर थांबते, याचा अर्थ ती वजनापुढे हरलेली नाही. कुठेतरी गोळी पाचरीसारखी बसलीय. शोधायची ती पाचर.

आणि शोधताना घाई करायची नाही. लिफ्ट अडकली की सगळ्यांचा हात आपोआप गोळीकडे जातो. हात लावलात की पुरावा गेला. आधी वीज बंद करा, मोबाइलने फोटो काढा, आणि मार्करने दोन खुणा करा: गोळी कोणत्या उंचीवर अडकली, आणि स्क्रू किंवा चाक कोणत्या कोनात थांबलं. असं पाच-सहा वेळा केलंत की खुणाच बोलायला लागतात.

दर वेळी उंची तीच असेल तर दोष नळीत, पट्टीत किंवा जोडात आहे. उंची वेगवेगळी पण कोन तोच असेल तर स्क्रू वाकलाय, नाहीतर त्याच्या आट्यावर कुठेतरी खरखरीत गाठ आहे. दोन्ही बदलत असतील तर गोळ्या तपासा, त्यात एखादी नाठाळ असणार. खुणा सगळ्या तळाशीच असतील तर तोंडाची रचना चुकलीय. आणि अडकणं टाकी भरण्याच्या वेळेशी जुळत असेल तर लिफ्टचा काही दोष नाही, वर जागाच नाही.

नळीतून गोळ्या ढकलणारी लिफ्ट

सगळ्यात जास्त लोक हीच बनवतात, कारण दिसायला सोपी आहे. खाली दातेरी चाक, वर उभी नळी, चाक एकेक गोळी नळीत सारतं आणि वरची सगळी रांग एक गोळीभर वर सरकते. 90 सेंमीच्या नळीत 82 च्या आसपास गोळ्या मावतात, वजन साडेचारशे ग्रॅम. एवढं कोण ढकलणार नाही?

गोम नळीच्या आतल्या व्यासात आहे. नळी गोळीपेक्षा थोडी रुंद असतेच, आणि खालून दाब आला की रांग सरळ राहत नाही. एक गोळी डावीकडे टेकते, पुढची उजवीकडे, अशी नागमोडी बसते. तिरकी बसली की खालचा दाब थोडा बाजूला, नळीच्या भिंतीवर जातो. भिंतीवर दाब म्हणजे घर्षण. खालच्या गोळीला वरच्या सगळ्यांचं वजन अधिक त्यांचं घर्षण ढकलावं लागतं, आणि त्या वाढलेल्या दाबाने तिचं स्वतःचं घर्षणही वाढतं. हे चक्रवाढ व्याजासारखं चढतं, दर गोळीमागे काही टक्के.

टक्के किती ते फटीवर ठरतं. पोलाद आणि कडक प्लास्टिक यांचा घर्षणांक 0.2 धरून कागदावर मांडलं तर 90 सेंमीच्या रांगेसाठी हे आकडे येतात. नळीचा आतला व्यास 11.5 मिमी असेल तर तळाशी साधारण 1 किलोचा जोर लागतो. 12 मिमी असेल तर 2.7 किलो. 13 मिमी असेल तर जवळपास 26 किलो! नळी दीड मिमीने वाढली आणि जोर पंचवीस पटीच्या पुढे गेला. गोळी ‘मोकळी फिरावी’ म्हणून लोक मुद्दाम मोठी नळी घेतात आणि नेमकं उलटं होतं.

त्यात गवंडी पाणसळ घ्यायला वापरतात ती मऊ पारदर्शक नळी लावली तर संपलंच. मऊ पीव्हीसी पोलादाला धरून ठेवतं. घर्षणांक 0.4 धरला तर 13 मिमी व्यासाला कागदावरचा आकडा टनांत जातो. प्रत्यक्षात तेवढा जोर येण्याआधीच नळी फुगते, फुगली की फट आणखी वाढते, आणि रांग घट्ट बसते. बाहेरून बघितलं तर नळीवर गोळ्यांचे उंचवटे एकाआड एक उमटलेले स्पष्ट दिसतात. ते दिसले की पुढे काही तपासू नका, नळी बदला.

सुरुवातीला का चालते मग? कारण रांग आखूड असते. नळी अर्धी भरेपर्यंत जोर नगण्य असतो, शेवटच्या वीस-तीस गोळ्यांत तो झपाट्याने चढतो. शिवाय चालता चालता नळीच्या आत काळसर लेप बसतो, घर्षणांक वाढतो, आणि काल चाललेली लिफ्ट आज अडते. ‘नवी असताना चालायची’ याचं उत्तर बहुधा हेच.

उपाय दोनच. एक, ॲक्रिलिकसारखी कडक आणि 11.3 ते 11.5 मिमी आतल्या व्यासाची सरळ नळी मिळवा. तयार मिळत नाही बहुधा. त्याऐवजी चार बारीक स्टील रॉड उभे करून त्यांच्यामध्ये गोळी धरणारा पिंजरा करता येतो. रॉडमधलं अंतर ठेवण्याच्या कड्या थ्रीडी प्रिंट करून घ्या आणि दर दहा सेंमीला एक लावा, नाहीतर रॉड मध्येच फाकतात आणि पुन्हा तीच फट. वळण घालू नका. टाकीकडे वळवायचंच असेल तर नळी टाकीच्या वर संपवा आणि तिथून उताराची पन्हाळ द्या. ढकलत वळवणं म्हणजे व्याजावर व्याज.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. गोळ्या एकमेकींना ढकलणारच नाहीत अशी लिफ्ट करा. प्रत्येक गोळीला स्वतःची पायरी द्या: पट्ट्यावर छोट्या वाट्या, नाहीतर स्क्रू. मग वजन फक्त बेरजेने वाढतं, गुणाकाराने नाही.

स्क्रूवाली लिफ्ट

उभा स्क्रू फिरतो, गोळी आट्यावर बसते, आणि ती स्क्रूबरोबर गोल फिरू नये म्हणून बाजूला उभी खोबण असते. मग गोळीला वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. एका फेऱ्यात एक गोळी वर येते, म्हणून मिनिटाला 110 ते 120 फेरे करणारी 12 व्होल्टची गिअर मोटर पुरे. ताकद? 15 मिमी पिचच्या (एका फेऱ्यात गोळी जितकी वर जाते ते अंतर) स्क्रूवर एका वेळी 60 गोळ्या, म्हणजे 330 ग्रॅम. हिशेबाने अर्धा किलो-सेंटिमीटरही लागत नाही.

इथे मापं तीन आहेत आणि तिन्ही महत्त्वाची. पहिलं, दोन आट्यांमधली मोकळी जागा. पिचमधून आट्याची जाडी वजा केली की निदान 12 मिमी उरायला हवेत. 11.2 ठेवलेत तर संगणकावर गोळी बसते, पण प्रिंटच्या थरांना जरा फुगवटा आला की एका ठरावीक आट्यात गोळी चिमटली जाते. दुसरं, आट्याची रुंदी. आट्याची कड गोळीच्या मध्याच्या पलीकडे दीड-दोन मिमी गेलीच पाहिजे. अलीकडे संपली तर गोळी आट्यावर बसत नाही, कडेवर तोल सांभाळते आणि संधी मिळताच आटा आणि खोबण यांच्या मध्ये घुसते. तिसरं, खोबणीची रुंदी, 12 ते 12.5 मिमी.

90 सेंमी लांबीचा स्क्रू एका तुकड्यात प्रिंट होत नाही, म्हणून चार-पाच तुकडे एका रॉडवर ओवतात. जोडावर आट्याला अर्धा मिमीची जरी पायरी आली तरी गोळी तिथे ठेचकाळते. ओळखायची युक्ती सोपी आहे: मोटर सोडवून स्क्रू हाताने सावकाश फिरवा आणि कान द्या. प्रत्येक गोळी एकाच उंचीवर ‘टक’ करत असेल तर तोच जोड. बारीक कानशीने पायरी उतरवा, वरून पॉलिश पेपर मारा. पायरी चढती असेल तरच अडवते. उतरती नुसता आवाज करते, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

हाताने फिरवायची ही चाचणी लिफ्ट कोणतीही असो, सगळ्यात आधी करावी. मोटर लावलेली असताना बारीक अडथळे कळत नाहीत, बोटांना कळतात.

तळाचं तोंड, जिथे निम्म्याहून जास्त भानगडी असतात

स्क्रूच्या तळाशी पांढरी भुकटी साचलीय का बघा. साचली असेल तर आटा गोळीला उचलत नाहीये, गोळी आट्याला तासतेय. आणि ते बहुतेक वेळा गोळी आत येण्याच्या खिडकीच्या वरच्या ओठाशी होतं.

काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. गोळी पन्हाळीतून घरंगळत खिडकीतून आत येते. ती पूर्ण आत यायच्या आधीच खालून आटा वर येतो आणि तिला उचलायला लागतो. अर्धी गोळी आत, अर्धी बाहेर. ती वर चढते आणि तिचा बाहेरचा अर्धा भाग खिडकीच्या वरच्या काठाला भिडतो. आता खालून आटा, वरून काठ, मागून येणाऱ्या गोळ्यांचा रेटा. मोटर थांबते. तुम्ही स्क्रू पाव फेरा मागे घेता, गोळी खाली बसते, आत जाते, सगळं सुरळीत. परत तशीच वेळ जुळेपर्यंत.

खिडकी 12 मिमी उंच ठेवली की हे होणारच. ती दीड पिच तरी उंच हवी, म्हणजे 15 मिमी पिचला 22 ते 25 मिमी. आणि वरचा काठ सपाट नको, आतल्या बाजूला 45 अंशात उतरता हवा. मग अर्धवट गोळी काठाला लागली तरी काठ तिला आत सारतो किंवा बाहेर लोटतो, धरून ठेवत नाही. प्रिंट केलेला भाग असेल तर नवा काढायचीही गरज नाही, धारदार कटरने काठ तासून घ्या.

फिरण्याची दिशाही तपासा. स्क्रू गोळीला खोबणीकडे ओढणारा हवा. दिशा उलटी असेल तर आत आलेली गोळी तो खिडकीतून परत बाहेर लोटतो. अशा वेळी मोटरच्या तारा उलट करून भागत नाही, कारण मग गोळ्या खाली जायला लागतील. खिडकी खोबणीच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागते.

आता त्याच्या मागचा डबा. स्क्रू फिरतोय, मोटरचा आवाज स्वच्छ आहे, पण वर काहीच येत नाही, ही वेगळी तक्रार. डबा गोळ्यांनी भरलेला आणि तोंडापाशी मात्र रिकामं. दोन किंवा तीन गोळ्या एकमेकींना टेकून कमान करतात आणि वरच्या सगळ्यांचा भार ती कमान आरामात पेलते. भोक गोळीच्या पाचपट रुंद असेल, म्हणजे 55 मिमीच्या पुढे, तर कमान टिकत नाही. पण आपल्याला तर शेवटी एकेकच गोळी हवी. म्हणून मधली रुंदी टाळायची. पन्हाळ एक तर 12.5 मिमी ठेवा, नाहीतर सरळ हातभर रुंद. 15 ते 20 मिमीची पन्हाळ म्हणजे दोन गोळ्या शेजारी शेजारी अडकायचं हमखास ठिकाण.

रुंद डब्यातून अरुंद पन्हाळीत येताना शेवटच्या दहा सेंमीवर झाकण टाका, तळापासून 13 मिमी उंचीवर. त्याखालून गोळ्यांचा एकच थर सरकतो, वरचा थर दाबायला येत नाही. तळाला चार-पाच अंशांचा उतार भरपूर झाला. जास्त उतार दिला तर गोळ्या जोरात येतात आणि तोंडाशी जास्त घट्ट बसतात. दोन्ही बाजूच्या भिंती सारख्या तिरक्या करू नका. एक उभी ठेवा, एक तिरकी. कमानीला दोन सारखे खांदे मिळाले की ती टिकते.

आणि एवढं करूनही कमान होणार असेल तर स्क्रूच्या खालच्या टोकाला एक केबल टाय घट्ट बांधा आणि त्याचं शेपूट तीन-चार सेंमी मोकळं ठेवा. दर फेऱ्याला ते शेपूट पन्हाळीच्या तोंडाशी येऊन गोळ्यांना टोचतं. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही. शेपूट कडक असेल तर तेच अडकतं, म्हणून बारीक, अडीच मिमीचा टाय घ्या.

आवाजासाठी डब्यात अस्तर लावणार असाल तर फेल्ट लावू नका. त्याचे तंतू सुटतात, तेलकट गोळ्यांना चिकटतात आणि आट्यांच्या मुळाशी गोळा होतात. योगा मॅटचा तुकडा किंवा दोन मिमीचं रबर चालतं. जपानमध्ये पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर अस्तर हवंच. रात्री दहानंतर पोलादी गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात पडण्याचा आवाज शेजाऱ्याला कोणत्याही भाषेत समजावता येत नाही.

वरचं टोक आणि टाकी

वर गोळी बाहेर पडते ती खोबणीची एक भिंत कापलेली असते म्हणून. स्क्रू गोळीला ज्या भिंतीकडे रेटतो तीच भिंत कापायची. दुसरी कापली तर गोळी बाहेर न पडता आणखी वर जाते आणि टोपणाला भिडते. कापलेल्या जागेच्या वरही आटा अर्धा फेरा चालू ठेवा आणि टोपण निदान 15 मिमी वर असू द्या.

इथून टाकीपर्यंत उतार असतो, आणि टाकी भरली की उतारावर गोळ्या तुंबतात, मग बाहेर पडायच्या जागी तुंबतात, मग स्क्रू अडतो. बऱ्याच लोकांची ‘वीस मिनिटांनी अडकते’ ही तक्रार म्हणजे निव्वळ टाकी भरायला लागणारा वेळ असतो. सगळ्या गोळ्या खेळात नसतात, काही ताटात, काही टाकीत, त्यामुळे तो वेळही दर वेळी वेगळा येतो आणि माणूस चक्रावतो.

टाकीच्या काठाला मायक्रोस्विच लावून मोटर बंद करणं हा सरळ मार्ग. पण पडणारी प्रत्येक गोळी पट्टीला धक्का देते आणि मोटर लागते-बंद होते, लागते-बंद होते. स्विच सलग तीन-चार सेकंद दाबलेला राहिला तरच मोटर थांबेल असा विलंब ठेवा. त्याहून बिनडोक आणि म्हणून जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे टाकीच्या वरच्या काठापाशी एक मोठं भोक आणि तिथून परत डब्यात जाणारा पाईप. जास्तीच्या गोळ्या गोल फिरत राहतात, काही बिघडत नाही. वायरिंगचा 20 मिमी पाईप त्यासाठी घेऊ नका, त्यात दोन गोळ्या पाचर मारून बसतात. ओट्याच्या सिंकखालचा जाड पाईप घ्या.

गोळ्या

हॉलमधल्या गोळ्या खिशात घालून आणायच्या नाहीत. त्या हॉलच्या मालकीच्या असतात, बहुतेकांवर खूण कोरलेली असते, आणि ती सरळ चोरी ठरते. वापरलेल्या गोळ्या विकत मिळतात, महाग नसतात.

मिळणाऱ्या गोळ्यांत भेसळ मात्र असते. 7/16 इंची बेअरिंगच्या गोळ्या दिसायला सारख्याच, पण त्या 11.11 मिमीच्या. स्क्रूला फरक पडत नाही, 11.3 च्या नळीला पडतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सुटे छर्रे घेत असाल तर 11 मिमी असं स्पष्ट सांगा आणि व्हर्नियर बरोबर न्या. सगळ्या गोळ्या एकेक मोजत बसू नका. जाड पत्र्याला 11.05 मिमीचं भोक रीमर मारून करून घ्या आणि सगळ्या त्यातून ओता. अडकेल ती बाजूला. गंज चढून खडबडीत झालेली गोळीही इथेच सापडते. ‘कुठेही, कधीही अडकते’ या तक्रारीत निम्म्या वेळा अशी एखादीच गोळी सगळ्या गोंधळाचं मूळ असते.

गोळ्या पुसा, त्यांना तेल लावू नका. तेलाने धूळ धरते आणि तो काळा लेप नळीत, आट्यांत आणि मशीनच्या रुळांवर सगळीकडे जातो. जुन्या उशीच्या अभ्र्यात गोळ्या आणि कोरडी फडकी घालून हलवलं की पुरे. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत मशीन महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर गोळ्या काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

लोहचुंबकाने गोळ्या उचलायची कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. सोडून द्या. गोळ्यांत थोडं चुंबकत्व उरतं, त्या एकमेकींना चिकटून जोड्यांनी फिरतात, आणि नव्या मशीनमध्ये चुंबकाने केलेली फसवणूक पकडणारे सेन्सर असतात, ते बोंब मारतात.

मोटर आणि वीज

मोटर फिरतेय आणि स्क्रू थांबलाय, असं असेल तर कपलिंग, म्हणजे मोटरचा दांडा आणि स्क्रू यांना जोडणारा तुकडा, बघा. त्याला आवळणारा छोटा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट भागावरच बसला पाहिजे, गोल भागावर तो काही वेळाने सुटतोच. थ्रीडी प्रिंटच्या नेहमीच्या प्लास्टिकचं, म्हणजे पीएलएचं कपलिंग असेल तर मोटरच्या उष्णतेने मऊ पडतं, पीएलए साठ अंशांच्या आसपास ढिलं होतं. गार असताना चालते, तापल्यावर घसरते, याचं कारण हे. पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं कपलिंग घ्या. स्क्रूचा सगळा भार मोटरच्या दांड्यावर टाकू नका, खाली एक बेअरिंग द्या.

हॉलमध्ये मशीनला 24 व्होल्ट एसी मिळते, घरी ती ट्रान्सफॉर्मरने देतात. लिफ्टची डीसी मोटर त्याच वायरवर टांगू नका. वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर घ्या आणि मोटरच्या दोन टोकांमध्ये 104 नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर जोडा, नाहीतर मोटरच्या ठिणग्यांनी मशीनचे सेन्सर भलतंच मोजायला लागतात. टोकियोच्या कोरड्या हिवाळ्यात प्लास्टिकवरून घरंगळणाऱ्या गोळ्या स्थिर विद्युत साठवतात आणि टाकीत पडताना ती मशीनला देतात, म्हणून पन्हाळीच्या तळाला ॲल्युमिनियमची पट्टी लावून ती अर्थिंगला जोडावी. आणि मशीन भारतात नेणार असाल तर जपानी ट्रान्सफॉर्मर 100 व्होल्टचा आहे हे विसरू नका. 230 वर तो आणि बहुधा मागचं सर्किटही जळेल.

शेवटी, हे सगळं झाल्यावर, मोटरला फ्यूज द्या आणि हौस असेल तर प्रवाह मोजून आपोआप उलटं फिरण्याची सोय करा: प्रवाह वाढला की अर्धा फेरा मागे, एक सेकंद थांबा, पुन्हा पुढे. सलग तीनदा तसं झालं तर मोटर बंद, दिवा चालू. पण हे आधी करू नका. उलटी फिरणारी लिफ्ट चुकीची खिडकी महिनाभर लपवते आणि तोपर्यंत आटा झिजून जातो. मोटर चालवणाऱ्या कोडमध्ये उलट्या फेऱ्यांची मोजणी ठेवा आणि आठवड्याने आकडा बघा. वाढत असेल तर पुन्हा तळाच्या खिडकीपाशी जा, बॅटरी मारून पांढरी भुकटी दिसते का बघा.